पोर्ट ऑफ सिअ‍ॅटल ऑलिम्पियात जाऊन नेमकं काय मागतं?

सागरनील (धागाकर्ता)

घरपट्टीचं बिल ओळ न ओळ वाचायची मला जुनी खोड आहे. किंग काउंटीत (वॉशिंग्टन राज्यातला सिअ‍ॅटलचा जिल्हा) राहणाऱ्यांना माहीत असेल, त्यात शाळा, काउंटी, ग्रंथालय यांच्या पंगतीत 'पोर्ट' अशी एक बारीकशी ओळ असते. एका घरामागे रक्कम किरकोळ, पण अख्ख्या काउंटीतून पोर्ट ऑफ सिअ‍ॅटल वर्षाला ८ कोटी डॉलरच्या वर गोळा करतं. सी-टॅक विमानतळ त्यांचा, क्रूझची टर्मिनलं त्यांची, मासेमारी बोटींचं फिशरमेन्स टर्मिनलही त्यांचंच. पाच कमिशनर आपण मतं देऊन निवडतो, चार वर्षांसाठी, पक्षाच्या लेबलाशिवाय.

इथपर्यंत ठीक. पण दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर हे कमिशन एक अजेंडा मंजूर करतं: येत्या अधिवेशनात राज्याच्या विधिमंडळाकडून आम्हाला काय काय हवंय. त्यासाठी पगारी माणसं आहेत, वर ऑलिम्पियातले, म्हणजे राज्याच्या राजधानीतले, कंत्राटी लॉबिइस्ट. म्हणजे मी निवडून दिलेली एक संस्था, मीच निवडून दिलेल्या दुसऱ्या संस्थेची मनधरणी करायला पैसे मोजून माणूस ठेवते. मला हे पचत नाही. कमिशनरला आमदाराशी बोलायला मध्यस्थ कशाला लागतो? जाणकारांनी सांगावं. वाद झाला तरी हरकत नाही, माहितीसकट व्हावा.

मिश्कील

आमदाराला फोन लागतो, उचलला जात नाही. म्हणून मध्यस्थ. चला, पुढचा धागा.

गोदीकाठ

सागरनील, प्रश्न रास्त आहे, पण तुम्ही बंदराला शहरासारखी संस्था धरून चाललाय आणि गाडं तिथेच अडतंय. शहराकडे सर्वसाधारण अधिकार असतात. बंदर हा खास कामापुरता कायद्याने काढलेला जिल्हा. १९११ मध्ये वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने पोर्ट डिस्ट्रिक्टचा कायदा केला आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला किंग काउंटीच्या मतदारांनी पोर्ट ऑफ सिअ‍ॅटल उभं केलं. तोवर किनारा आणि धक्के रेल्वे कंपन्यांच्या मुठीत होते, ते सोडवून घ्यायला लोकांनी हा घाट घातला. मात्र जन्म कायद्यातून, त्यामुळे हातपायही कायद्यानेच बांधलेले. कायद्यात लिहिलंय तेवढंच करायचं. तिजोरीत पैसा असो, मोकळी जमीन असो, लोक दारात उभे असोत, कलम नसेल तर हात लावायचा नाही.

म्हणून ऑलिम्पियात बंदर जी पहिली गोष्ट मागतं ती बहुतेक वेळा पैसा नसते, परवानगी असते.

इंटरनेटचंच बघा. २००० साली ग्रामीण बंदरांना फायबर टाकून ती कंपन्यांना घाऊक द्यायची मुभा मिळाली. ती सगळ्या बंदरांना लागू व्हायला २०१८ उजाडलं. थेट घरात कनेक्शन विकायची परवानगी आली २०२१ मध्ये. चर खणून झालेला, केबल गाडलेली, शेवटच्या घराला द्यायला खाजगी कंपनी फिरकत नाही, आणि बंदराला ती जोडणी स्वतः विकायची मुभा नाही, अशी परिस्थिती मधली कित्येक वर्षं होती. तिथे कमिशनरने आमदाराला फोन करून भागत नाही. मसुदा लागतो, केबल कंपन्यांच्या लॉबीला उत्तर लागतं, आणि हे एका अधिवेशनात होत नाही.

दुसरं उदाहरण मोठं आहे. सिअ‍ॅटल आणि टकोमा ही दोन बंदरं वर्षानुवर्षं एकमेकांचे कंटेनर पळवायची. शेवटी २०१५ मध्ये कंटेनरचा धंदा एकत्र करायचं ठरलं, तीच नॉर्थवेस्ट सीपोर्ट अलायन्स. दोघांची इच्छा होती, दोन्ही कमिशनं निवडून आलेली होती. तरी फेडरल मेरीटाइम कमिशनची मान्यता लागली, आणि दोन बंदरांना मिळून अशी वेगळी संस्था काढता येईल असं सांगणारा कायदा त्याच वर्षी ऑलिम्पियात करून घ्यावा लागला.

कायदेकानू

गोदीकाठ यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो. राज्याच्या कायदेसंग्रहाचा ५३ वा भाग पूर्ण बंदरांचा आहे. वॉशिंग्टनमध्ये अशी ७५ बंदरं आहेत. आपल्या डोळ्यांसमोर क्रेन आणि जहाजं येतात, पण यातल्या काहींकडे समुद्र सोडा, नदीही नाही. औद्योगिक वसाहत आणि छोटी धावपट्टी एवढाच संसार. कायदा मात्र सगळ्यांना जवळजवळ एकच.

त्यामुळे सिअ‍ॅटलला एखादं कलम बदलून हवं असेल तर बाकीच्या ७४ जणांना काय वाटतं ते आधी बघावं लागतं. त्यांची एक संघटना आहे, वॉशिंग्टन पब्लिक पोर्ट्स असोसिएशन. मोठ्या बंदराने मागितलेला अधिकार छोट्यांना नको असतो, कारण अधिकारापाठोपाठ जबाबदारी गळ्यात पडते. मग विधेयकात 'मोठ्या बंदर जिल्ह्यांपुरतं' किंवा 'अमुक लोकसंख्येच्या वरच्या काउंटीत' अशी पाचर मारली जाते. नाव न घेता सिअ‍ॅटलपुरता कायदा करायचा हा जुना मार्ग. वाचताना 'लोकसंख्या इतक्या लाखांवर' असं दिसलं की समजायचं कोणाबद्दल चाललंय.

सागरनील

दोघांचेही आभार. परवानगीचा मुद्दा पटला. पण मग मागण्यांच्या यादीत रस्ते, पूल, विमानाचं इंधन, कामगारांची घरं, असं सगळंच का असतं? आणि रोजचं काम काय असतं? अधिवेशन तर वर्षभर नसतं.

गोदीकाठ

काम वर्षभर असतं, निकाल लागतो काही आठवड्यांत. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी फक्त ६०. दोन वर्षांचं अंदाजपत्रक विषम वर्षी होतं, सम वर्षी त्यात डागडुजी. अंदाजपत्रकं तीन: चालू खर्चाचं, भांडवली आणि वाहतुकीचं. कोणती मागणी कोणत्या दारात न्यायची हे चुकलं की वर्ष गेलं.

शिवाय मुदती. अमुक तारखेपर्यंत विधेयक धोरण समितीतून बाहेर पडलं पाहिजे, मग खर्चाच्या समितीतून, मग त्या सभागृहातून, मग दुसऱ्या सभागृहात हीच वारी पुन्हा. कुठेही तारीख हुकली की बहुतेक विधेयकं गारद. सुनावणी लावायची की नाही हे समितीच्या अध्यक्षाच्या हातात. विधेयकाला कोणी विरोध केला नाही, कोणी मत दिलं नाही, अध्यक्षांनी नुसतं कामकाजात घेतलं नाही, एवढ्यावर ते मरतं. बंदराची माणसं सप्टेंबर ते डिसेंबर जे करतात ते हेच: अध्यक्ष कोण होणार, मूळ विधेयक कोण मांडणार, दुसऱ्या सभागृहात जोडीचं विधेयक कोण घेणार. आमदारांना विमानतळावर आणून सामानाचे पट्टे दाखवतात, टर्मिनलवर नेऊन ट्रकची रांग दाखवतात. जानेवारीत कोणाकडे वेळ नसतो.

आणि अर्ध्याहून जास्त शक्ती काही मिळवण्यात जात नाही, थोपवण्यात जाते. हे अजेंड्यात ठळक छापत नाहीत. अधिवेशनात शेकड्यांनी विधेयकं येतात. त्यातल्या कुठल्यातरी घरबांधणीच्या विधेयकात एक ओळ अशी असते की बंदराच्या औद्योगिक जमिनीशेजारी उंच इमारती येऊ शकतील. दहा वर्षांनी तिथे राहायला आलेले लोक रात्रीच्या ट्रकबद्दल तक्रार करणार आणि टर्मिनलचे तास कमी होणार. ती ओळ वेळेत सापडणं हेच त्या पगारी माणसाचं खरं काम.

शिवानी_र

मी एकदा घरूनच एका समितीपुढे साक्ष दिली होती (विषय शाळेचा होता, बंदराशी संबंध नाही), म्हणून आतून कसं दिसतं ते सांगते. विधिमंडळाच्या साइटवर समिती निवडायची, बैठक निवडायची, विधेयक निवडायचं. मग बाजू विचारतात: प्रो, कॉन किंवा अदर. बोलायचं असेल तर सुनावणीच्या तासभर आधीपर्यंत नोंद करावी लागते. लेखी म्हणणं नंतर २४ तासांपर्यंत देता येतं. बोलायचं नसेल तर नुसती बाजूही नोंदवता येते. त्या दिवशी माणसं खूप होती, अध्यक्षबाईंनी प्रत्येकाला एकच मिनिट दिलं. माझ्या आधी एका सरकारी संस्थेचे गृहस्थ होते. अध्यक्षांचे आभार, आपलं नाव, आपली संस्था, "आम्ही 'अदर' म्हणून नोंद केली आहे, हेतूला आमचा पाठिंबा आहे, तिसऱ्या कलमाबद्दल मूळ विधेयक मांडणाऱ्यांशी बोलणं चालू आहे." संपलं. चाळीसेक सेकंदांत. मला वाटलं हे काहीच बोलले नाहीत.

गोदीकाठ

शिवानीताई, त्यांनी सगळं बोलून टाकलं होतं! 'अदर' हा लॉबिइस्टचा लाडका रकाना. 'कॉन' म्हटलं की आमदार दुखावतो, पुढच्या वर्षी त्याच्याकडेच जायचं असतं. 'प्रो' म्हटलं की हातातला पत्ता गेला. 'अदर' म्हणजे तिसरं कलम बदला, आम्ही 'प्रो' होऊ. नाही बदललं तर पुढच्या समितीत भेटू. खरी वाटाघाट त्या मिनिटाच्या आधीच कॉरिडॉरमध्ये झालेली असते, साक्ष फक्त रेकॉर्डसाठी.

आणखी एक हत्यार म्हणजे फिस्कल नोट. विधेयकाने सरकारवर खर्च किती पडेल याचा अंदाज. स्थानिक संस्थांवरच्या खर्चाचा अंदाज राज्याच्या कॉमर्स खात्यातला एक गट काढतो, त्यासाठी आकडे बंदरांकडूनच मागवतो. खर्च मोठा दिसला की विधेयक आपोआप जड होतं. आकडे खोटे द्यायची गरज नसते, कोणता खर्च धरायचा एवढं ठरवलं तरी पुरतं.

टोच्या

वा. म्हणजे आमच्याच पैशाने आमच्याच प्रतिनिधींना कॉरिडॉरमध्ये गाठायचं, आणि हे कौतुकाने सांगायचं. खाजगी कंपनीने केलं की लॉबिंग, बंदराने केलं की लोकहित? जेवणावळी, तिकिटं, निवडणुकीला देणगी, हे सगळं मागच्या दाराने होत नसेल कशावरून?

कायदेकानू

टोच्या, शंका घ्यायला हरकत नाही, पण इथे नियम बऱ्यापैकी कडक आहेत. १९७२ मध्ये मतदारांनी २७६ क्रमांकाचा इनिशिएटिव्ह (थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) पास करून पब्लिक डिस्क्लोजर कमिशन आणलं. त्या कायद्यात सरकारी संस्थांच्या लॉबिंगवर वेगळं कलम आहे. संस्थेने आपल्या अधिकृत कामाबद्दल माहिती द्यावी, संस्थेची अधिकृत भूमिका मांडावी, तीसुद्धा निवडून आलेल्यांपुढे किंवा सरकारी अधिकाऱ्यांपुढे. सार्वजनिक पैशातून कोणत्याही निवडून आलेल्या माणसाला भेटवस्तू किंवा प्रचाराची देणगी द्यायला साफ बंदी. दर तिमाहीला एल-५ नावाचा फॉर्म भरायचा: कोण गेलं, कशासाठी गेलं, पगार आणि प्रवासावर किती खर्च झाला. तो कोणालाही बघता येतो.

यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बंदराला तुम्हाआम्हाला पत्रक पाठवून 'तुमच्या आमदाराला फोन करा' असं सार्वजनिक पैशाने सांगता येत नाही. खाजगी कंपनी टीव्हीवर जाहिरात देऊ शकते, बंदर नाही. म्हणून कमिशनने जाहीर बैठकीत ठराव करून अजेंडा मंजूर करण्याला महत्त्व येतं. 'अधिकृत भूमिका' ठरल्याचा पुरावा तो. त्या बैठकीत तुम्ही जाऊन बोलू शकता. फार कोणी जात नाही, हा भाग वेगळा.

टोच्या

एल-५ मध्ये चार दिवसांची पळवाट आहे ना? तीन महिन्यांत चार दिवसांपर्यंत समक्ष लॉबिंग केलं तर नोंद नाही.

कायदेकानू

आहे. छोट्या बंदराचा एकुलता एक मॅनेजर वर्षातून दोनदा ऑलिम्पियाला जातो, त्याच्यासाठी ती सूट ठीक. मोठ्या संस्थेचे कमिशनर, विभागप्रमुख, तज्ज्ञ असे आळीपाळीने गेले तर त्यातलं कितपत फॉर्ममध्ये दिसतं, ही शंका मलाही आहे.

विमानाखाली

परवानगीचा मुद्दा वर आला म्हणून लिहितेय. सी-टॅकच्या आवाजासाठी १९८५ पासून बंदराने आसपासच्या ९,००० हून जास्त घरांना जाड खिडक्या-दारं बसवून दिली. इथे त्याला 'पोर्ट पॅकेज' म्हणतात. पुढे काही घरांतल्या काचांत ओल धरली, चौकटी फुगल्या, कुठे बुरशी. लोक म्हणाले बदलून द्या. आता अडचण अशी की केंद्राचा पैसा साधारणपणे एका घराला एकदाच, आणि राज्याच्या कायद्यातही त्याच घरावर पुन्हा खर्च करायची सोय नव्हती. बंदर म्हणे कायदा आड येतो, रहिवासी म्हणत तुम्हीच बसवलं तर तुम्हीच निस्तरा.

शेवटी कायदा बदलावा लागला, २०२० मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये पुन्हा. यातली गंमत बघा. विषय लावून धरला तो विमानतळाच्या पट्ट्यातल्या आमदारांनी आणि रहिवाशांनी. बंदर सुरुवातीपासून झेंडा घेऊन पुढे होतं असं मला तरी वाटत नाही. म्हणजे परवानगी नाही हे कारणही असतं आणि आडोसाही असतो. कुठल्या अधिकारासाठी पाठपुरावा करायचा आणि कुठला 'आमच्या हातात नाही' म्हणून सोडून द्यायचा हे त्या अजेंड्यातच ठरतं. सागरनील, तुम्ही यादीत काय आहे ते वाचलंत, काय नाही तेही वाचा.

मिश्कील

विमानाखाली +१. 'आमच्या हातात नाही' हे सरकारी वाक्य सात समुद्र ओलांडूनही तेच.

सागरनील

विमानाखाली यांचा प्रतिसाद चटका लावून गेला. या बाजूने विचारच केला नव्हता. रस्त्यांबद्दल विचारलं होतं, ते राहिलं.

गोदीकाठ

रस्ते म्हणजे बंदराची गळ्याची शीर. जहाज रिकामं करायला कितीही क्रेन आणा, कंटेनर गेटबाहेर पडून आय-५ या मुख्य महामार्गाला लागत नसेल तर उपयोग शून्य. पण हमरस्ते राज्याचे, बंदराचे नव्हेत. बंदराच्या स्वतःच्या पैशालाही कप्पे आहेत: विमानतळावर मिळालेला महसूल केंद्राच्या नियमाप्रमाणे विमानतळाबाहेर खर्चता येत नाही. राज्याच्या पेट्रोल कराला वेगळं कुंपण. १९४४ च्या घटनादुरुस्तीने तो पैसा फक्त हमरस्त्यांसाठी राखलाय, फेरीबोटी त्यात बसतात, बंदराची क्रेन बसत नाही. म्हणून बंदर आमदारांना क्रेनसाठी पैसे मागत बसत नाही, गेटच्या पुढचा रस्ता मागतं.

एसआर ५०९ आणि एसआर १६७ हे दोन अर्धवट हमरस्ते, एक सिअ‍ॅटल आणि विमानतळाकडचा, दुसरा टकोमाकडचा. कित्येक दशकं नकाशावर तुटकच. २०१५ च्या 'कनेक्टिंग वॉशिंग्टन' पॅकेजमध्ये त्यांना पैसा मिळाला. पॅकेज १६ अब्ज डॉलरचं, पेट्रोलवर गॅलनमागे ११.९ सेंट जादा कर. पण विधिमंडळाने अट घातली: स्थानिकांनी १३ कोटी डॉलरचा वाटा उचलायचा. शहरं आणि दोन्ही बंदरं मिळून तो उचलायला बसली. मागायला गेलं की समोरून पहिला प्रश्न 'तुमचे किती?' हाच असतो.

आता राज्याच्या पूर्वेकडच्या, कॅस्केड डोंगरापलीकडच्या आमदाराने सिअ‍ॅटलच्या रस्त्याला मत का द्यावं? त्याच्या मतदारसंघात गहू, सफरचंद, गवताच्या गाठी, फ्रेंच फ्राइजचे कारखाने. २०२१-२२ मध्ये जहाजं इतक्या घाईत होती की रिकामे कंटेनर उचलून आशियाकडे पळायची, शेतमाल धक्क्यावर पडून. तेव्हा अलायन्सने अमेरिकेच्या कृषी खात्याबरोबर सिअ‍ॅटलच्या टर्मिनल ४६ वर शेतमालाच्या कंटेनरसाठी जागा काढून दिली. त्या दोन वर्षांनी कॅस्केड डोंगरापलीकडच्या आमदारांना बंदर जितकं समजलं तितकं कुठल्याही माहितीपत्रकाने समजलं नसतं.

आणि २०२१ च्या क्लायमेट कमिटमेंट कायद्यानंतर चौथं दार उघडलं. प्रदूषणाचे परवाने लिलावात विकून राज्याला पैसा येतो, पहिला लिलाव २०२३ मध्ये. त्यातून धक्क्यावरच्या जहाजांना वीज, बॅटरीचे ट्रक, असल्या कामांना निधी मिळू शकतो. पेट्रोल कराचं कुंपण इथे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कायदा रद्द करायचा इनिशिएटिव्ह मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. तोवर ज्यांनी ज्यांनी त्या पैशावर आराखडे मांडले होते त्यांचा जीव टांगणीला लागला असणार.

हडसनकाठ

वाचनीय धागा. आमच्याकडची तऱ्हा निराळी. पोर्ट ऑथॉरिटी ऑफ न्यूयॉर्क अँड न्यूजर्सी ही १९२१ च्या दोन राज्यांच्या करारातून झालेली. बारा कमिशनर, प्रत्येक राज्याचे सहा, कोणी निवडून देत नाही, गव्हर्नर नेमतात. करारात बदल करायचा तर दोन्ही विधिमंडळांनी सारखाच कायदा करायचा. एका राज्याने स्वल्पविराम हलवला तरी गाडं अडलं.

२०१३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या लेन मुद्दाम बंद केल्याचं प्रकरण गाजलं. त्यानंतर सुधारणेचं विधेयक आलं आणि दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांत एकमताने पास झालं. एकही मत विरोधात नाही! डिसेंबर २०१४ मध्ये, ख्रिसमसच्या सुट्टीत, दोन्ही गव्हर्नरांनी त्यावर नकाराधिकार वापरला, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. त्यामुळे इथे 'बंदर आमदारांशी कसं बोलतं' हा प्रश्नच दुय्यम. बंदराला गव्हर्नरांचे कान पुरतात. सागरनील, तुमच्याकडे निदान कमिशनरला घरी बसवता येतं.

पालघरकर

आमच्याकडे तर आमदार चित्रातच नाहीत. मोठी बंदरं घटनेच्या केंद्रसूचीत, बाकीची समवर्ती सूचीत. जेएनपीएने (मुंबईजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर) राज्याच्या विधानसभेत अजेंडा घेऊन जायचा प्रश्न येत नाही. २०२१ च्या मेजर पोर्ट ऑथॉरिटीज कायद्यात बंदराच्या मंडळावर राज्य सरकारचा एक सदस्य असतो, तेवढाच धागा. वाढवणला तर राज्य थेट भागीदार: जेएनपीए ७४ टक्के, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड २६ टक्के. जमीन, रस्ता, पाणी, पोलीस सगळं राज्याचं, पण बोलणी सचिव पातळीवर. मच्छीमारांनी मोर्चा काढला की स्थानिक आमदार दोन्हीकडून अडकतो. तुमच्यासारखी 'प्रो, कॉन, अदर' अशी जाहीर नोंद इथे असती तर कोण कुठे उभं होतं ते तरी कळलं असतं.

टोच्या

पालघरकर, जाहीर नोंद असून काय होतं ते बघा. २०१३ मध्ये सीटॅक या विमानतळाभोवतीच्या छोट्या शहरातल्या मतदारांनी विमानतळाशी संबंधित कामगारांना ताशी १५ डॉलर किमान वेतन मंजूर केलं. ७७ मतांनी. बंदराची भूमिका काय होती? विमानतळाच्या आवारात शहराचा कायदा लागू होत नाही. आधार कुठला, तर विमानतळावर 'एकमेव अधिकार' चालवणाऱ्या संस्थेचा, असं म्हणणारं राज्याचं जुनं कलम. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा शहराच्या बाजूने निकाल दिला. तोवर कामगार थांबले. हे कमिशनर लोकांनीच निवडलेले होते ना?

गोदीकाठ

होते. पण त्यात हेही दिसतं की ऑलिम्पियात घातलेली एक ओळ किती वर्षांनी कुठे उगवते. त्या कलमाचा अर्थ नऊ न्यायाधीशांत पाच-चार असा लागला. म्हणूनच प्रत्येक शहर, प्रत्येक संघटना आणि प्रत्येक बंदर तिथे आपापला माणूस बसवून ठेवतं.

लोकांनी निवडलं म्हणून हितसंबंध एक होत नाहीत, हे मला मान्य. नव्या विमानतळाचं बघा. सी-टॅक अपुरा पडणार म्हणून २०१९ मध्ये विधिमंडळाने जागा शोधायला एक आयोग नेमला, आणि कायद्यातच किंग काउंटी वगळली. २०२२ मध्ये तीन जागा पुढे आल्या, दोन पिअर्स काउंटीत, एक थर्स्टनमध्ये. तिथल्या शेतकऱ्यांनी, रहिवाशांनी रान उठवलं. २०२३ मध्ये तो आयोगच मोडीत काढून नवा कार्यगट आणला. गर्दी सी-टॅकची, जागा शेजारच्या काउंटीची, आणि त्या शेजाऱ्यांना पोर्ट ऑफ सिअ‍ॅटलच्या कमिशनरला मत देता येत नाही. त्यांना दाद मागायची जागा एकच, राज्याचं विधिमंडळ. टोच्या, मला तरी हा भांडण्याचा योग्य आखाडा वाटतो.

टोच्या

आखाडा योग्य आहे, पण एकाकडे पगारी पैलवान आणि दुसरा कामावर रजा टाकून आलेला. सहमत नाही, पण माहिती बरीच मिळाली.

सागरनील

एल-५ बघायला घेतलेत, त्यावर वेगळा धागा काढतो. एक उपप्रश्न: कॅलिफोर्नियातलं कोणी आहे का इथे? लॉस एंजेलिसचं बंदर शहराचं खातं आहे असं वाचलं. मग ते सॅक्रामेंटोला, म्हणजे तिथल्या राज्याच्या राजधानीला, जातं की महापौर जातो?

कायदेकानू

दोघेही. लॉस एंजेलिसचं बंदर शहराचं खातं असलं तरी त्याखालची भरती-ओहोटीची जमीन राज्याची आहे, १९११ पासून शहराकडे विश्वस्त म्हणून दिलेली. त्या जमिनीवरचा पैसा शहर उद्यानांवर किंवा पोलिसांवर उडवू शकत नाही, बंदर, जलवाहतूक, मासेमारी अशा विश्वस्ताच्या कामांनाच वापरता येतो, आणि स्टेट लँड्स कमिशन लक्ष ठेवून असतं. तिथे राज्याकडे जायचं कारण बऱ्याचदा हे असतं की अमुक वापर विश्वस्ताच्या व्याख्येत बसवून द्या. तुमचा नवा धागा निघाला की तिथे सविस्तर लिहितो, हा आधीच लांबलाय.